धाकटी, थोरली आणि शेजारीण

माझ्या काकांनी तेहतीस वर्षं झाडं चिकटवली. लावली नाहीत, चिकटवली. विद्यापीठाच्या वनस्पती-संग्रहात रानातून गोळा करून, वाळवून आणलेली रोपं यायची. ती जाड पांढऱ्या कागदावर मांडायची, देठांवरून कागदाच्या बारीक पट्ट्या लावून पक्की करायची, उजव्या कोपऱ्यात माहितीची चिठ्ठी डकवायची आणि कागद कपाटाकडे पाठवायचा, हे त्यांचं काम. या पट्ट्यांमुळे तिथे सगळे त्यांना पट्टीकाका म्हणत. मी त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. शिकायला म्हणून दोन वर्षांसाठी त्यांच्या घरी आले आणि नोकरी लागली तरी तिथेच राहिले. मला ते नुसते काका.

काकूचं म्हणणं वेगळं असे. "लग्न ठरताना मला सांगितलं, मुलगा विद्यापीठात आहे. मी विचारलं, शिकवतो का? तर म्हणे, नाही, गवत चिकटवतो. मला वाटलं थट्टा करतायत."

"मग नाही का म्हणायचंस," काका म्हणत.

"म्हणणार होते. पण तुमचे हात बघितले. म्हटलं, स्वच्छ माणूस दिसतोय."

हात खरोखरच बघण्यासारखे होते. बोटं लांब, नखं तळापर्यंत कापलेली, आणि उजव्या तर्जनीच्या पेरावर खळीचा एक कडक, पारदर्शक थर, जो निवृत्तीनंतरही कित्येक महिने गेला नाही. कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास. त्यांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांमध्ये, जिवंत झाड एकही नव्हतं. खिडकीत एक कुंडी होती, तिच्यात काकू कपड्यांचे चिमटे ठेवायची.

मी आले त्या आठवड्यातली गोष्ट. बसथांब्यावर उभे होतो. फुटपाथच्या फटीत काहीतरी पिवळं पसरलं होतं. काकांनी विचारलं, "हे काय आहे?"

"गवत."

"गवत नाही. बस जाऊ दे, मागून दुसरी येईल." आणि ते चक्क फुटपाथवर उकिडवे बसले. लोक वळसा घालून जाऊ लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बस खाली. नीट बघ. तीन-तीन पानं, मेथीसारखी, म्हणून तिपानी. वर पिवळा गोंडा, आणि गोंडा म्हणजे एक फूल नाही, बारीक फुलांचा झुबका. आता ही बघ. गोंड्यात फुलं मोजकी, दहा-पंधरा. ही धाकटी. आणि ही, गोंडा भरगच्च, पंचवीस-तीस फुलं, कधी चाळीससुद्धा. ही थोरली. दोघी जावा. लांबून सारख्या, जवळ गेलं की कोण कोण ते कळतं."

"आणि ही?"

"ही शेजारीण. कपडे तसेच घालते म्हणून घरातली वाटते. पानाच्या टोकाला बोट लाव. बारीक टोचतंय ना? नाकावर राग. जावांच्या पानांना ते टोक नाही." त्यांनी आणखी एक देठ तोडला. "आणि वय झालं की सगळंच उघड होतं. जावा वाळल्या तरी फुलं टाकत नाहीत. पाकळ्या तपकिरी होतात, पण शेंगेला पोटाशी धरून बसतात. शेजारीण फुलं झटकून मोकळी होते. शेंगा काळ्या कुळकुळीत, उघड्या."

"आणि ही, पत्त्यांतल्या बदामासारख्या पानांची?"

"आंबुशी. चावून बघ, आंबट. ही तर नात्यातलीच नाही. गर्दीत घुसून जेवून जाणारी." मग उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "शंका आली की पान उलटं करून बघायचं. एवढं लक्षात ठेवलंस तरी पुष्कळ."

आमच्या दोन बसगाड्या गेल्या. आज मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर भिंगाखालच्या काचेवर एकमेकींसारख्या दिसणाऱ्या पेशी. कुणाच्या घरचं काय व्हायचं ते कधी कधी अशा दोन पेशींमधल्या फरकावर ठरतं. घाई करावीशी वाटली की मला तो फुटपाथ आठवतो. माझ्या हातून आजवर जे बरोबर झालं, त्याची सुरुवात तिथली आहे.

काकांच्या आयुष्याची सुरुवात मात्र सरांपासून. ते स्वतः तसंच म्हणत. आधी ते एका छापखान्यात पुस्तकं बांधायचे. छापखाना बंद पडण्याच्या बेतात होता. एक दिवस एक वयस्क गृहस्थ फाटका शब्दकोश घेऊन आले, आणि बांधून होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. शब्दकोश हातात घेऊन त्यांनी काकांच्या कामाकडे पाहिलं नाही, बोटांकडे पाहिलं. म्हणाले, "पुस्तकं बांधणारे पुष्कळ मिळतात. मला गवत बांधणारा हवाय. येतोस?"

ते सर. सगळा जन्म त्यांनी आसपासची कुरणं, नाले, रेल्वेरुळांच्या कडा तुडवण्यात घालवला. संग्रहातले निम्मे कागद त्यांनी गोळा केलेल्या रोपांचे. काकांना त्यांनी जवळ बसवून शिकवलं. एक पान उलटं लावायचं, म्हणजे पाठ दिसते. मुळं धुतल्याशिवाय चिकटवायची नाहीत. आणि जे गळेल, पाकळी, बी, अर्धं पान, ते फेकायचं नाही. कागदाचं छोटं पाकीट घडी घालून त्याच कागदाच्या कोपऱ्यात लावायचं आणि तुकडे त्यात ठेवायचे. काका सांगत, सर म्हणायचे की मेलेल्या गोष्टीला स्वतःची बाजू मांडता येत नाही, म्हणून तिचं सगळं सामान तिच्याजवळ हवं.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनी, ज्यांना आम्ही बाई म्हणतो, त्या आता संग्रहाच्या प्रमुख आहेत. त्यांनी बारा वर्षं खपून या भागातल्या रानटी रोपांचं पुस्तक लिहिलं. आणि काका निवृत्त झाल्यावर चौथ्या वर्षी, एका दुपारी, त्यांचा लिफाफा आला.

आत छापील पानं होती. एका पूर्ण पानावर एका कागदाचं छायाचित्र: नाजूक, तीन फाट्यांचं रोप, एक पान उलटं, आणि डाव्या फाट्याच्या टोकाला एक मोठा, गोल, सोन्यासारखा गोंडा. सोबत बाईंची चिठ्ठी. "काका, हा तुमच्या हातचा सगळ्यात सुंदर कागद आहे असं मला वाटतं. पुस्तकाच्या सुरुवातीला हाच घेते आहे. सरांनी पाण्याच्या टाक्यांमागच्या कुरणातून आणलेली धाकटी. सोबतचं टिपणही वाचा, तुम्हाला आनंद होईल. पंधरा दिवसांनी पुस्तक छपाईला जाईल."

टिपण अर्ध्या पानाचं होतं. त्याचा मथितार्थ असा: या कुरणातली धाकटी वेगळी दिसते. तिचा एक गोंडा थोरलीएवढा भरगच्च आहे. कुरण आता राहिलेलं नाही, त्यावर गाड्या उभ्या राहतात, म्हणून हा एकच कागद पुरावा. हा धाकटीचा एक निराळा प्रकार असावा, आणि त्याला सरांचं नाव द्यावं असं लेखिका सुचवते.

काकूचा आनंद खोलीत मावेना. ती पानं घेऊन खाली शिंप्याकडे गेली. "बघा, आमच्या ह्यांनी केलंय. पुस्तकात येणार."

शिंप्याने चष्मा कपाळावर सरकवला. "छान आहे हो. पण हे तर माझ्या दुकानामागे उगवतं."

"उगवत असेल. चिकटवता येतं का तुम्हाला?"

वर आली तेव्हा काका तसेच खुर्चीत बसले होते, मांडीवर रिकामा लिफाफा. त्या रात्रीचं जेवण त्यांनी ताटात इकडून तिकडे केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही, आणि ही गोष्ट मी त्या घरात पहिल्यांदा पाहत होते.

"तब्येत बरी नाही का?" मी विचारलं.

"बरी आहे."

"अहो, मग बोला की जरा. कौतुक झालं तर माणूस फुलतो, तुम्ही वाळायला लागलात," काकू म्हणाली.

काका उठून गॅलरीत गेले.

रविवारी सकाळी ते मला म्हणाले, "चल, पाय मोकळे करू." आमच्या इमारतीची मागची भिंत आहे, तिच्या पायथ्याशी ओल असते. तिथे पिवळं उगवलेलं होतं. काका उकिडवे बसले. आता बसायला त्यांना भिंतीचा आधार लागतो. त्यांनी एक गोंडा खुडून माझ्या तळहातावर ठेवला.

"मोज."

मी नखाने एकेक फूल बाजूला करत मोजलं. "बारा."

"कोण ही?"

"धाकटी."

"धाकटीला बत्तीस फुलांचा गोंडा येईल?"

"नाही."

"त्या कागदावरच्या गोंड्यात बत्तीस आहेत." ते भिंतीकडे बघत होते. "तो तिचा नाही. मी लावलाय."

मग त्यांनी सांगितलं. थांबत, शब्द चाचपत, सांगायची सवय नसलेल्या माणसासारखं.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. अजून कायम झाले नव्हते. सरांनी कुरणातून एकच रोप आणलं होतं, तिथलं ते एकच होतं म्हणून जपून. टीपकागदातून काढताना काकांच्या हातून सगळ्यात चांगला गोंडा तुटला. वर पंखा फिरत होता. गोंडा उडाला आणि दिसेनासा झाला. त्यांनी टेबलाखाली, कपाटांखाली, जिन्यापर्यंत शोधला. दुसऱ्या दिवशी सर कागद बघायला येणार होते. शेजारच्या पुडक्यात तसंच पिवळं काहीतरी भरपूर होतं. तेव्हा काकांना जावा कळत नव्हत्या, शेजारीणही कळत नव्हती, पिवळं ते पिवळं. त्यांनी त्यातला एक गोंडा घेतला, देठाला देठ जुळवला, आणि सांध्यावर पट्टी लावली. पुस्तकं बांधलेले हात. सांधा दिसला नाही.

"सर आले. कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मला म्हणाले, इथली पट्टी जरा रुंद झाली का रे? एवढंच. मी म्हटलं, हो सर. ते म्हणाले, पुढच्या वेळी बारीक लाव. आणि पुढच्या आठवड्यात मला कायम केल्याच्या कागदावर त्यांनी सही केली."

"त्यांना कळलं होतं?"

"छत्तीस वर्षं मी हेच विचारतोय. कळलं असेल आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं असेल, तर मी त्यांचा किती देणेकरी. कळलं नसेल, तर मी त्यांना फसवलं. दोन्हीकडून माझीच मान खाली."

"आणि खरा गोंडा?"

"तीन दिवसांनी सापडला. टीपकागदाच्या घडीत चिकटून बसला होता. तोवर सरांनी कागद पास केला होता. सोलायला गेलो असतो तर सगळं फाटलं असतं. टाकवेना. पाकिटात ठेवला, त्याच कागदावर. कुणी उघडलं नाही. तुकड्यांचं पाकीट कोण उघडतं?"

मी हिशेबी माणूस नाही, पण त्या क्षणी मला सगळं फार सोपं दिसलं. "काका, नका सांगू. कुणाचं काय बिघडणार आहे? कुरण नाही, सर नाहीत. सरांच्या नावाचं काहीतरी मागे राहील. तुम्हालाही तेच हवंय ना?"

"तेच तर हवंय," काका म्हणाले. "म्हणून तर तीन दिवस झोप नाही. ज्यांनी मला छापखान्यातून उचलून आणलं, त्यांच्या नावाची पाटी मीच काढायची. आणि नाही काढली, तर उद्या कुणी बाहेरचा येऊन भिंग लावेल. म्हणेल, ह्या सरांना धाकटी-थोरलीतला फरक कळत नव्हता." तो खुडलेला गोंडा त्यांनी माझ्या हातावरून उचलला आणि सवयीने खिशातल्या कागदात गुंडाळून ठेवला. "सरांना! ज्यांनी मला फरक शिकवला."

घरी आल्यावर त्यांनी काकूला सांगितलं. काकू निवडलेल्या शेंगांचं ताट पुढ्यात घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"कुठला महिना होता?"

काकांनी सांगितला.

"म्हणजे आपल्या लग्नानंतर महिन्याने."

"असेल."

"असेल नाही, होता. तेव्हा तुम्ही आठ दिवस जेवला नव्हता. बोलत नव्हता. भिंतीकडे तोंड करून झोपत होता." काकूचा आवाज चढला, आणि मग मध्येच बसला. "मला वाटलं मी आवडले नाही. मला वाटलं घरच्यांनी गळ्यात बांधली म्हणून... नवव्या दिवशी तुम्ही आपणहून चहा करून दिलात. मी ठरवलं, जाऊ दे, विचारायचं नाही. छत्तीस वर्षं विचारलं नाही. आणि ते गवत होतं?"

काका उभेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याच शब्दात पकडू शकत नाही. एक चूक कपाटात बंद करून ठेवली होती, आणि तिची सावली मात्र इतकी वर्षं दुसऱ्या खोलीत उभी होती, ते त्यांना आत्ता दिसत होतं.

"अगं, तसं काही नव्हतं," ते म्हणाले. "तुला एकदा विचारायला काय झालं होतं?"

"आणि तुम्हाला सांगायला?"

मग काकूने पदराला हात पुसले आणि नाक ओढलं. "उद्याच जायचं. मी पण येणार."

"तू कशाला?"

"कशाला म्हणजे? माझी सवत आहे ती. तोंड तरी बघू दे."

सोमवारी मी रजा टाकली आणि तिघं गेलो. संग्रह विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर आहे. लांब खोली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी कपाटं, मध्ये टेबलं, उत्तरेच्या खिडक्यांतून येणारा सपाट उजेड. काकांच्या अंगाला यायचा तोच वास इथे भरून होता, किंबहुना इथलाच तो घरी येत असे. काकूने दारातच ओळखला. "हं," ती म्हणाली, "इथून येतो होय."

बाई धावत आल्या. "काका! काकू पण! बसा, चहा सांगते. आवडलं ना टिपण?"

"बाई, चहा नंतर," काका म्हणाले. "तो कागद काढता का?"

त्यांचा आवाज ऐकून बाई तशाच कपाटाकडे गेल्या. कागद टेबलावर ठेवला. काकांनी नेहमीसारखे दोन्ही हात आधी रुमालाला पुसले. मग सांध्यावरच्या पट्टीकडे बोट दाखवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भिंतीपाशी मला सांगायला त्यांना अर्धा तास लागला होता. इथे पाच वाक्यांत संपलं.

बाईंनी भिंग घेतलं, पट्टीवर धरलं, बराच वेळ वाकून राहिल्या. मग कोपऱ्यातलं पाकीट. छत्तीस वर्षांत त्या घड्या कुणी उलगडल्या नव्हत्या. कागद कडकड वाजला. आत दोन पानांचे चुरे, एक तुटका देठ, आणि एक छोटा गोंडा. रंग गेलेला, तपकिरी, पण फुलं सगळी जागच्या जागी. वाळली तरी सोडून न गेलेली.

बाईंनी सुईच्या टोकाने मोजलं. "तेरा." तुटका देठ त्यांनी रोपाच्या फाट्याशी भिंगाखाली धरून पाहिला. मग खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी ह्या गोंड्यावर दोन वर्षं विचार केला. सांध्याकडे बघितलंच नाही. बघायचंच नव्हतं मला. सरांच्या नावाचं काहीतरी सापडायला हवं होतं, ते सापडलं."

"माझी चूक आहे," काका म्हणाले. "तुमची नाही. सरांची तर नाहीच नाही. काय लिहायचं ते माझ्यावर लिहा."

"काका, बसा आधी." बाई उठल्या आणि दुसऱ्या कपाटातून एक जुना कागद घेऊन आल्या. पिवळं पडलेलं रोप, काळ्या शेंगा. उजव्या कोपऱ्यात सरांच्या अक्षरातली चिठ्ठी: धाकटी तिपानी. तिच्यावर काट मारलेली नव्हती. तिच्या वरच्या बाजूला दुसरी, छोटी चिठ्ठी, अक्षर तेच पण नऊ वर्षांनंतरची तारीख: "ही धाकटी नव्हे, शेजारीण. पानाच्या टोकाकडे माझं दुर्लक्ष झालं." खाली सही.

"सरसुद्धा?" काकांनी चष्मा सारखा केला. ह्या चिठ्ठ्या त्यांनीच शेकड्यांनी लावल्या असतील, पण चिठ्ठीवरचा मजकूर वाचायची त्यांना सवय नव्हती. ते चिठ्ठी सरळ बसली की नाही एवढंच बघत.

"सरसुद्धा. इथली रीत तुम्हाला माहीतच आहे. जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही. शेजारी नवी लावायची. कोण चुकलं, कुणी सांगितलं, कधी. सगळं एकाच कागदावर राहतं." बाई थांबल्या. "सरांचं नाव इथे असं आहे, काका. ते फुलाला द्यायची मला घाई झाली होती. पंधरा दिवसांनी छापून गेलं असतं, तर लोक सगळ्यात आधी सरांनाच हसले असते. तुम्ही वाचवलंत."

"वाचवलं कसलं. मीच केलेलं."

"आणि पाकीट? ते ठेवलं नसतंत तर आज नुसता तुमचा शब्द होता माझ्याकडे. आता रोप आहे."

त्यांनी एक कोरी चिठ्ठी पुढे ओढली आणि लिहू लागल्या. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होत्या: "डाव्या फाट्यावरचा गोंडा या रोपाचा नाही, तो थोरलीचा आहे. या रोपाचा मूळ गोंडा पाकिटात. माहिती देणारे, कागद तयार करणारे..." पेन थांबलं. "पूर्ण नाव सांगा."

"पट्टीकाका लिहा की."

"छे. पूर्ण नाव."

काकांनी नाव सांगितलं. हळू आवाजात, शाळेच्या पहिल्या दिवशी सांगावं तसं. त्या खोलीत त्यांच्या हातचे हजारो कागद आहेत. प्रत्येकावर रोप आणणाऱ्याचं नाव आहे, ओळखणाऱ्याचं नाव आहे. चिकटवणाऱ्याचं नाव लिहायला चिठ्ठीवर रकानाच नसतो. त्यांचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा तिथे आलं, आणि आलं ते चुकीपाशी. मला आधी ते कडू वाटलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो माणूस कृतज्ञ होता. सरांच्या कबुलीला जी जागा, तीच त्यांच्याही कबुलीला. एवढी बरोबरी त्यांनी कधी मागितलीही नसती.

"खळ आहे का?" त्यांनी विचारलं. "मीच लावतो."

खळ आली, ब्रश आला. चार वर्षांनी त्यांनी ब्रश हातात घेतला. चिठ्ठीच्या कडांना त्यांनी पातळ खळ लावली, ती टेकवली, टीपकागद ठेवून तळव्याने दाबली. वरचा कोपरा किंचित तिरका गेला. ते काढून पुन्हा लावणार होते, तेवढ्यात काकू म्हणाली, "राहू द्या हो. आता सगळं तोलून मापून नको."

काकांनी कागदावर फुंकर घातली आणि म्हणाले, "झालं." प्रत्येक कागद संपला की ते असंच म्हणत, बाईंनी मला नंतर सांगितलं.

मग बाईंनी काकूच्या हातात भिंग दिलं. काकू पाकिटातल्या त्या तपकिरी गोंड्यावर वाकली. खूप वेळ वाकून राहिली.

"एवढीशी?" ती म्हणाली. "हिच्यासाठी आठ दिवस उपाशी?"

"घाबरलो होतो गं."

"मला सांगितलं असतंत तर दोघं घाबरलो असतो," काकू म्हणाली आणि भिंग खाली ठेवलं.

पुस्तकात आता सुरुवातीला दुसराच कागद आहे, आंबुशीचा, तोही काकांच्याच हातचा. कुरणाच्या पानावर धाकटीची साधी नोंद आहे, सरांनी कधी आणली त्या तारखेसह. नव्या प्रकाराचं टिपण गेलं. बाईंनी मला सांगितलं की ते काढताना त्यांना वाईट वाटलं, आणि पुस्तक छापून आल्यावर वाटलं नाही.

सर त्या दिवशी रुंद पट्टीकडे बघत काय विचार करत होते, ते काकांना आता कधीच कळणार नाही. परवा ते मला म्हणाले, "कळलं असेल त्यांना. नसेलही. दोन्ही चालेल आता."

पण त्या सोमवारी परत येताना एवढंच झालं. आम्ही बसमधून उतरलो आणि इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी आलो. काका पुढे निघाले होते. काकू थांबली. इतक्या वर्षांत त्या भिंतीपाशी ती कधी थांबलेली मी पाहिली नव्हती. तिने वाकून पिवळ्या गोंड्याचा एक देठ तोडला.

"अहो, थांबा जरा. ही कोण? धाकटी का थोरली?"

काका मागे वळले, पण जवळ आले नाहीत. "तूच सांग. पान बघ."

काकूने पान उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. मग टोकावर बोट ठेवलं आणि चटकन मागे घेतलं, टोचण्याइतकं ते खरं तर नसतं.

"टोचतंय," ती म्हणाली. "शेजारीण."

"बरोबर," काका म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी घ्यायला परत आले.